प्रोजेक्टरवर अक्षरं पुसट आणि रंग पिवळट: नवा लॅम्प घेण्याआधी मेनूचं बटण दाबा

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकला गंगापूर रोडवर द्राक्ष बागायतदारांच्या गटाचा छोटा हॉल आहे. छताला जुना एलसीडी प्रोजेक्टर टांगलेला, त्याचं मूळ रिझोल्यूशन (चित्रातल्या आडव्या-उभ्या ठिपक्यांचं माप) १०२४ × ७६८, पडदा ८ बाय ६ फुटांचा. टेबलापासून प्रोजेक्टरपर्यंत भिंतीतल्या पाइपातून १५ मीटरची व्हीजीए वायर (जुन्या, १५ पिनांच्या प्लगची) गेली आहे. जुन्या लॅपटॉपवर काम भागत होतं. नव्याला फक्त एचडीएमआय (टीव्हीला असतं तसं भोक) आहे, म्हणून मध्ये एचडीएमआयचं व्हीजीए करणारा छोटा कन्व्हर्टर लावला. तेव्हापासून फवारणीच्या तक्त्यातले आकडे वाचता येत नाहीत, अक्षरांच्या उजवीकडे सावली दिसते, आणि पानांचे फोटो इतके पिवळट पडतात की डाऊनीचा रोग कुठला आणि भुरीचा कुठला ते तोंडाने सांगावं लागतं. दुकानात उत्तर मिळालं, 'लॅम्प संपलाय, नाहीतर नवाच घेऊन टाका.' ऑक्टोबर छाटणीच्या आधी हॉल मार्गी लागायला हवा.

लॅम्प जुना झाला की चित्र अंधूक होतं, रंग थोडे मरतात. पण त्याने अक्षराला सावली पडत नाही आणि ०.५ मधलं टिंबही उडत नाही. पडदा एक असतो म्हणून बिघाडही एकच असेल असं आपण धरून चालतो. तुमच्या वर्णनात मला निदान तीन वेगळे बिघाड दिसतात: ठिपक्यांचा हिशोब जुळत नाही, लांब वायरीत सिग्नल बिघडतो, आणि तीन रंगांपैकी एक नीट पोचत नाही. चौथा मुद्दा हॉलमधल्या उजेडाचा. तो कन्व्हर्टरच्या आधीपासूनच असणार, फक्त आता जास्त खुपतो. हे एकमेकांपासून सोडवले तर काही न विकत घेताही बरंच काम होईल. किती, ते तुमच्या प्रोजेक्टरला एचडीएमआयचं भोक आहे की नाही आणि भिंतीतल्या वायरीला मध्ये कुठे जोड आहे की नाही, यावर ठरेल. या दोन्ही गोष्टी प्रश्नात नाहीत, म्हणून दोन्ही वाटा धरून लिहितो.

सुरुवात प्रोजेक्टरच्या स्वतःच्या मेनूपासून करा. प्रोजेक्टर सुरू करून २० मिनिटं तापू द्या. थंड भिंगाचा फोकस आणि तापलेल्या भिंगाचा फोकस किंचित वेगळा असतो, सुरू केल्या केल्या फोकस लावून ठेवला तर अर्ध्या तासात तो हलतो. कीस्टोनची दुरुस्ती, म्हणजे तिरपं पडणारं चित्र चौकोनी करणारी सोय, शून्यावर आणा. चित्र वेडंवाकडं झालं तरी आत्ता चालेल. मग रिमोटवरचं मेनूचं बटण दाबा आणि पडद्यापासून हातभर अंतरावर जाऊन उभे राहा.

मेनूची अक्षरं प्रोजेक्टर स्वतःच काढतो. ती ना लॅपटॉपमधून येतात, ना कन्व्हर्टरमधून, ना भिंतीतल्या वायरीतून. म्हणून हा मेनू म्हणजे घरातला साक्षीदार समजा. ८ फूट रुंदीत १०२४ ठिपके, म्हणजे एक ठिपका साधारण २.४ मिलिमीटरचा. हातभर अंतरावरून तो चौकोन डोळ्यांना सुटा दिसतो. मेनूतल्या अक्षराची कड या चौकोनांवर स्वच्छ थांबते का, हे बघा. मेनू स्वच्छ आणि त्याच्याच मागे लॅपटॉपचं चित्र माखलेलं असेल, तर भिंग, फोकस आणि आतली पॅनेलं (लाल, हिरवं, निळं चित्र बनवणाऱ्या तीन काचा) निर्दोष आहेत, बिघाड वायरीच्या बाजूला आहे. मेनूच पुसट असेल तर लॅपटॉपमध्ये दिवसभर डोकं घालून काही मिळणार नाही. मेनूतली पांढरी पट्टी कोणत्या रंगाची दिसते, तेही याच वेळी टिपून ठेवा, पुढे लागेल.

दुसरी चाचणी शिडीवरची. लॅपटॉप आणि कन्व्हर्टर वर घेऊन जा, भिंतीतली वायर काढा आणि दीड-दोन मीटरची साधी व्हीजीए वायर थेट लावा. जुन्या मॉनिटरसोबत आलेली चालेल. लॅपटॉप धरायला कुणीतरी हाताशी घ्या, शिडीवर दोन्ही हात गुंतवू नका. सावली गेली आणि पिवळेपणा गेला, तर दोष भिंतीत. पिवळेपणा राहिला, तर कन्व्हर्टर नाहीतर प्रोजेक्टरचं सॉकेट. या दोन चाचण्यांना अर्धा तास लागतो, आणि त्यानंतर कोणावर पैसे घालायचे हे अंदाजाने ठरवावं लागत नाही.

आता ठिपक्यांचा हिशोब. तुमच्या तक्रारीतला मोठा वाटा माझ्या मते इथेच आहे. प्रोजेक्टरकडे आडवे १०२४ ठिपके आहेत. कन्व्हर्टर मध्ये आला की लॅपटॉपला वाटतं, समोर टीव्ही आहे, आणि तो बहुधा १९२० × १०८० पाठवायला लागतो. प्रोजेक्टर ते नाकारत नाही, दाबून बसवतो. १९२० ला १०२४ ने भागलं तर १.८७५ येतं, म्हणजे जवळपास दोन ठिपक्यांचं काम एकाला करावं लागतं, तेही पूर्ण दोन नाही. त्यामुळे 'म' ची एक उभी रेघ एका ठिपक्यावर नीट बसते आणि दुसरी दोन ठिपक्यांवर सांडून करडी होते. वर चित्र १६:९ आणि पडदा ४:३, म्हणून ७६८ पैकी फक्त ५७६ ओळी वापरात येतात, बाकीच्या वर-खाली काळ्या.

देवनागरीला याचा फटका जास्त बसतो. शिरोरेषा बारीक असली की ती एका ओळीत ठळक आणि पुढच्या ओळीत गायब होते. अनुस्वार हा मुळात एक-दोन ठिपक्यांचा. आणि फवारणीच्या तक्त्यात '०.५ मिली' मधलं टिंब पुसलं गेलं तर मागच्या रांगेतला माणूस वहीत ५ लिहून घेतो. १ आणि ९ मधला फरक म्हणजे तरी काय, एका छोट्या वळणाचाच. हा हिशोब जुळवणं म्हणजे नुसती सौंदर्याची हौस नव्हे, ती इथे औषधाच्या मात्रेची गोष्ट आहे.

विंडोजवर हे असं करा. विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबा. 'डुप्लिकेट' निवडलेलं असेल तर ते काढा. डुप्लिकेटमध्ये दोन्ही पडद्यांना एकच माप चालवावं लागतं आणि लॅपटॉप स्वतःच्या सोयीचं माप धरतो. तक्ते दाखवायचे असतील तर 'सेकंड स्क्रीन ओन्ली', स्लाइड दाखवायच्या असतील तर 'एक्सटेंड'. मग सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले इथे जाऊन प्रोजेक्टरचा चौकोन निवडा, रिझोल्यूशन १०२४ × ७६८ करा, स्केल १०० टक्के ठेवा.

इथेच बहुतेक लोक थांबतात आणि 'केलं पण फरक नाही' म्हणतात. कारण विंडोज कधीकधी चलाखी करतं: डेस्कटॉप १०२४ चा बनवतं, पण वायरीवर सिग्नल १९२० × १०८० चाच सोडतं. म्हणजे चित्र आता एकदा फुगतं आणि एकदा दबतं. त्याच पानावर खाली 'ॲडव्हान्स्ड डिस्प्ले' उघडा. तिथे डेस्कटॉपचं माप आणि 'ॲक्टिव्ह सिग्नल'चं माप अशा दोन ओळी असतात. दोन्हींत १०२४ × ७६८ दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर तिथूनच ॲडाप्टरच्या प्रॉपर्टीज उघडा, 'लिस्ट ऑल मोड्स' दाबा आणि यादीतून १०२४ बाय ७६८, ट्रू कलर, ६० हर्ट्झ ही ओळ निवडा. शेवटी पडताळणी प्रोजेक्टरकडूनच करून घ्या: मेनूतल्या माहितीच्या पानावर येणाऱ्या सिग्नलचं माप लिहिलेलं असतं. लॅपटॉप काय म्हणतो यापेक्षा तिथे काय लिहिलंय ते खरं.

जुन्या लॅपटॉपवर हे सगळं आपोआप व्हायचं, याचं कारण व्हीजीएच्या १५ पिनांपैकी १२ आणि १५ नंबरच्या. या दोन पिनांवरून प्रोजेक्टर आपलं माप लॅपटॉपला कळवतो. मधल्या कन्व्हर्टरने ती माहिती पुढे दिली नाही, की लॅपटॉप अंदाजाने चालतो. म्हणून माप हाताने ठरवून द्यायचं. दर वेळी कनेक्ट केल्यावर एकदा नजर टाकायची सवय ठेवा. दुसरा लॅपटॉप आला की पुन्हा पहिल्यापासून.

माप जुळलं तरी व्हीजीए असेपर्यंत एक काम उरतं. व्हीजीएवर ठिपके सुटे येत नाहीत, रंगाची पातळी चढ-उतार करत एक सलग लाट येते. ती लाट कुठे कापायची, हे प्रोजेक्टरला ठरवावं लागतं. १०२४ × ७६८ ला ६० हर्ट्झवर सेकंदाला साडेसहा कोटी ठिपके जातात, म्हणजे एका ठिपक्याला मिळतात जेमतेम १५ नॅनोसेकंद. काप ठिपक्याच्या मधोमध पडला तर अक्षर कोरल्यासारखं दिसतं. काप दोन ठिपक्यांच्या सीमेवर पडला तर तेच अक्षर थरथरतं.

रिमोटवरचं 'ऑटो' बटण हेच करतं, पण ते दाबताना पडद्यावर काठापर्यंत भरलेलं उजळ चित्र हवं. काळ्या पार्श्वभूमीच्या स्लाइडवर दाबलं तर चित्राची कड कुठे आहे हे प्रोजेक्टरला सापडत नाही आणि तो चुकीचं जुळवतो. कोऱ्या एक्सेलवर दाबा.

तरी समाधान झालं नाही तर हाताने. पेंटमध्ये १०२४ × ७६८ चं कोरं चित्र घ्या, झूम ८०० टक्के करा, एका ठिपक्याच्या जाडीने एक उभी रेघ काळी, एक पांढरी अशा डाव्या कडेला ८ ठिपके रुंदीच्या रेघा वरपासून खालपर्यंत काढा. त्या निवडून कॉपी करून शेजारी चिकटवा, मग १६ चे ३२, ३२ चे ६४. सात वेळा दुप्पट केलं की १०२४ भरतात. पीएनजी म्हणून सेव्ह करा, जेपीजी नको, जेपीजी या बारीक रेघांची वाट लावतो. हे चित्र पूर्ण पडद्यावर, न ताणता दाखवा आणि मेनूतून 'ट्रॅकिंग' शोधा. काही कंपन्या त्याला 'क्लॉक' किंवा 'फ्रिक्वेन्सी' म्हणतात. ट्रॅकिंग चुकलेलं असेल तर पडद्यावर रुंद उभे करडे पट्टे दिसतात. एक आकडा पुढे नेल्यावर पट्टे कमी झाले तर दिशा बरोबर, वाढले तर उलटं फिरा. शेवटचा पट्टा गेला की थांबा. त्यानंतरच 'फेज' किंवा 'सिंक' हलवा, तो सगळ्या रेघा एकसारख्या तीक्ष्ण होईपर्यंत. क्रम उलटा केलात, म्हणजे आधी फेज, तर अर्धा पडदा चांगला आणि अर्धा वाईट अशा कात्रीत सापडाल. हे जुळवलेलं त्याच मापाच्या सिग्नलपुरतं प्रोजेक्टर लक्षात ठेवतो, म्हणून माप आधी पक्कं केलं.

आता सावली. अक्षराच्या उजवीकडे दोन प्रकारचं काही दिसतं आणि दोन्हींना लोक सावलीच म्हणतात. एक म्हणजे शेपूट: काळ्या अक्षराला लागूनच करडा ओघळ. त्याचा अर्थ वायर हलकी आहे, चढ-उतार तिच्यातून जाता जाता बोथट होतात. चांगल्या वायरीत लाल, हिरव्या, निळ्या तिन्ही तारांना स्वतंत्र जाळीचं कवच असतं, हलक्यात तिघी एकत्र गुंडाळलेल्या. दुसरी म्हणजे सुटी सावली: अक्षर, मग थोडी मोकळी जागा, मग त्याच अक्षराची फिकट प्रत. ती प्रतिध्वनी आहे. सिग्नल एखाद्या टोकावर किंवा जोडावर आपटून मागे जातो, पुन्हा आपटतो आणि उशिरा पोचतो.

या प्रतिध्वनीचं अंतर मोजता येतं आणि त्यावरून जागा सापडते. वायरीत सिग्नल एका नॅनोसेकंदात ढोबळमानाने २० सेंटीमीटर जातो, म्हणजे एका ठिपक्याच्या वेळात ३ मीटर. जाऊन-येऊन धरलं तर सावली एक ठिपका सरकली की आपटणाऱ्या दोन जागांत दीड मीटरचं अंतर. पट्टी घेऊन पडद्यावर मोजा. मूळ रेघ आणि तिची सावली यांत २३-२४ मिलिमीटर असतील, तर ते १० ठिपके झाले, म्हणजे १५ मीटर: तुमची अख्खी वायर, दोन्ही टोकं. ५ मिलिमीटरच असतील तर दोन ठिपके, ३ मीटर. अशा वेळी प्रोजेक्टरपासून किंवा कन्व्हर्टरपासून तीनेक मीटरवर भिंतीत एखादी प्लेट किंवा जोड आहे का ते बघा. बहुतेकदा हॉल रंगवताना नाहीतर पीओपी करताना कुणीतरी वायर तोडून तिथे कपलर टाकलेला असतो. तो जोड काढला की सावली जाते. अख्ख्या वायरीची असेल तर सेटिंगने ती जाणार नाही, वायर बदलणं आलं.

यात एक स्वस्तातली सुधारणा आहे. कन्व्हर्टर सध्या टेबलावर, लॅपटॉपपाशी आहे. त्यामुळे १५ मीटरचा प्रवास नाजूक व्हीजीएला करावा लागतो. तो कन्व्हर्टर वर प्रोजेक्टरपाशी न्या, लांबचा प्रवास एचडीएमआयला करू द्या आणि शेवटचा अर्धा मीटर व्हीजीएवर. मात्र तिथे वेगळं यूएसबी पॉवरचं भोक असलेला कन्व्हर्टर घ्या. एचडीएमआयच्या वायरीतून येणारी वीज अगदी तुटपुंजी असते आणि लांब वायरीच्या टोकाला ती आणखी क्षीण होते. मग चित्र मध्येच काळं होतं. प्रोजेक्टरला स्वतःचं एचडीएमआय असेल तर प्रश्नच मिटला, कन्व्हर्टर कपाटात.

जाता जाता: पडद्यावर आडवे फिकट पट्टे वर-खाली सरकत असतील तर तो अर्थिंगचा मामला. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. पट्टे गेले तर लॅपटॉप आणि प्रोजेक्टर यांना एकाच बोर्डावरून सप्लाय द्या. चार्जरची अर्थिंगची पिन तोडण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

रंगाकडे येऊ. एक स्लाइड बनवा, तिच्यावर चार मोठे चौकोन: शुद्ध लाल, शुद्ध हिरवा, शुद्ध निळा आणि पांढरा. व्हीजीएत १ नंबरची पिन लाल रंगाची, २ हिरव्याची, ३ निळ्याची. निळा येत नसेल तर पांढरा चौकोन पिवळा दिसतो आणि निळा चौकोन जवळपास काळा. लाल गेला तर पांढऱ्याचा हिरवट आकाशी होतो, हिरवा गेला तर जांभळट गुलाबी. तुमच्याकडे पिवळा आहे, म्हणून माझा संशय ३ नंबरच्या पिनवर किंवा तिच्या जोडावर आहे.

डाऊनी आणि भुरी का ओळखू येत नाही, तेही याच्यातून उलगडतं. डाऊनीचा पानाच्या वरच्या अंगाला पिवळसर तेलकट डाग, भुरीची राखाडी-पांढरी पावडर. निळा काढून घेतला की पांढरं पिवळं होतं. मग पावडरही पिवळी, डागही पिवळा. फोटो कितीही चांगला असला तरी पडद्यावर दोघांचं एकच होऊन जातं.

प्लग काढून आत बघा. ९ नंबरची, म्हणजे मधल्या रांगेतली एक पिन मुद्दामच नसते, ती तुटली असं समजून घाबरू नका. बाकी एखादी वाकली असेल तर रिकाम्या बॉलपेनच्या रिफिलीचं तोंड तिच्यावर बसवून हळूच सरळ करा. पक्कडीने ओढलंत तर तुटेल. प्लगचे दोन्ही स्क्रू बोटांनी पूर्ण आवळा. छताच्या वायरीचं वजन स्क्रूंनी पेलायचं असतं, ते सैल असले की प्लग तिरका होतो आणि काठावरच्या पिना सुटतात.

आणि मघाचा साक्षीदार आठवा. मेनूतला पांढरा शुभ्र असेल तर वरचं सगळं लागू. मेनूतलाही पांढरा पिवळा असेल तर पिनांना दोष देऊ नका. तो पिवळेपणा सगळीकडे सारखा आहे की डागाडागांनी, ते बघा. सारखा असेल तर रंगाचा मोड तपासा: 'डायनॅमिक' किंवा 'ब्राइट' मोडमध्ये उजेड वाढवण्यासाठी हिरव्याला झुकतं माप दिलेलं असतं, पानांच्या फोटोंना तो मोड अगदी वाईट. 'एसआरजीबी' नाहीतर 'फोटो' लावा. डागाडागांनी पिवळं-निळं असेल तर आतलं निळ्या रंगाच्या बाजूचं पॅनेल किंवा त्याची पोलरायझर (उजेड गाळणारी) काच उष्णतेने खराब झाली आहे. निळ्या उजेडात जोर जास्त, म्हणून ती बाजू आधी जाते. जुन्या यंत्रात तो भाग बदलण्यात पैसे घालू नयेत असं माझं मत. 'नवाच घ्या' हे दुकानदाराचं म्हणणं फक्त याच प्रसंगी मला पटेल.

काळा रंग करडा पडतोय अशीही तक्रार असेल, तर टीव्ही समजून लॅपटॉप रंगांची पट्टी ० ते २५५ ऐवजी १६ ते २३५ अशी आखडून पाठवत असतो. १०२४ × ७६८ वर आल्यावर बहुधा ते आपोआप सुटतं, कारण ते माप टीव्हीचं नाही. नाही सुटलं तर ग्राफिक्सच्या कंट्रोल पॅनेलमध्ये रेंज 'फुल' करा. इंटेलमध्ये ते 'क्वांटायझेशन रेंज' या नावाखाली सापडतं.

उजेडाचा हिशोब करून दाखवतो, कारण इथे लोक लॅम्पवर उगाच खर्च करतात. पडदा ८ बाय ६, म्हणजे साधारण ४.४६ चौरस मीटर. प्रोजेक्टर २६०० लुमेनचा (लुमेन म्हणजे यंत्रातून निघणारा एकूण उजेड) धरा आणि लॅम्प निम्म्यावर आलेला, म्हणजे १३००. पडद्यावर पडतात सुमारे २९० लक्स, म्हणजे दर चौरस मीटरला तेवढे लुमेन. पडद्याच्या डोक्यावरची ट्यूब चालू असेल आणि तिचे पडद्यावर १५० लक्स पडत असतील, तर तुमचा काळा रंगच १५० चा आणि पांढरा ४४० चा. प्रमाण तिनास एक. नवा लॅम्प टाकून २६०० लुमेन मिळवले तरी ते पाचास एकपर्यंतच जातं. उलट तोच जुना लॅम्प ठेवून पुढची ट्यूब बंद केली आणि बाजूच्या खिडकीला जाड पडदा लावून तो बाहेरचा उजेड २० लक्सवर आणला, तर प्रमाण पंधरास एक. म्हणून इलेक्ट्रिशियनला सांगून पडद्यासमोरच्या ट्यूबचं बटण वेगळं करून घ्या, मागच्या ट्यूब चालू राहू द्या. लोकांना वहीत लिहायचं असतं, पूर्ण अंधार त्यांच्या कामाचा नाही.

मेनूच पुसट निघाला तर काय, तेही सांगतो. भिंगावर धूळ-तेलाचा थर असतो, तो मऊ मायक्रोफायबरने पुसा. काचा पुसायचा फवारा भिंगावर मारू नका, त्यावरचा लेप जातो. थंडीत निफाड-दिंडोरीकडे रात्रभर गाडीत राहिलेलं यंत्र सकाळी माणसांनी भरलेल्या खोलीत आणलं की भिंगावर आतून दव धरतं. पुसू नका, तासभर तसंच बंद ठेवा. फिल्टर काढून ब्रशने झाडा, टायरवाल्याच्या कंप्रेसरची हवा आत मारू नका, तिच्यात पाणी आणि तेल असतं. अक्षराच्या एका बाजूला लाल आणि दुसऱ्या बाजूला निळी कड मेनूतही दिसत असेल, तर आतली तीन पॅनेलं एकमेकांवरून किंचित सरकली आहेत. एखाद्या ठिपक्याएवढी कड असेल तर तिच्यासोबत राहायला शिका.

कीस्टोन मघाशी शून्यावर नेलं होतं. ते परत लावायच्या आधी यंत्र सरळ करून बघा. कीस्टोन भिंगाने होत नाही, चित्राच्या ओळी दाबून होतं. १०२४ ठिपक्यांची ओळ ८५०-९०० त बसवली की आत्तापर्यंत जुळवलेला सगळा हिशोब पुन्हा विस्कटतो. छताला टांगलेल्या बहुतेक लहान प्रोजेक्टरांत भिंगाची उंची चित्राच्या वरच्या कडेच्या आसपास लागते. स्टँडची नळी तेवढी लांब करा, यंत्रावर गवंड्याची लेव्हल ठेवून ते आडवं करा. थोडा तिरपेपणा उरला तर पडद्याची काळी चौकट तो झाकते.

सिग्नल निर्मळ झाल्यावरही तक्ता मागे वाचता आला नाही तर तो अक्षराच्या आकाराचा प्रश्न. एक्सेलचं ११ चं अक्षर १०० टक्क्यांवर या पडद्यावर इंचभरही उंच येत नाही. ३० फुटांवरच्या रांगेला ते जेमतेम. झूम १५० ठेवा, तक्ता दोन पानांत तोडा. आणि पानांचे फोटो व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून मागवू नका, दाबून लहान होऊन येतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. स्लाइडची मापं ४:३ करा, नाहीतर वर-खालच्या काळ्या पट्ट्यांत चौथाई पडदा वाया जाईल.

वायर बदलायचीच ठरली तर: साधी तांब्याची एचडीएमआय १० मीटरपर्यंत १०८० ला बिनधोक, १५ ला नशिबाचा भाग. १५ मीटरला फायबरची ॲक्टिव्ह एचडीएमआय घ्या. तिला दिशा असते, 'सोर्स' लिहिलेलं टोक लॅपटॉपकडे, 'डिस्प्ले' लिहिलेलं प्रोजेक्टरकडे. उलटी घातली तर चित्रच येणार नाही. एचडीएमआयचा प्लग पाऊण इंची पाइपाच्या कोपऱ्यात अडकतो, म्हणून आधी पाइपाचं माप बघा. एक इंची असेल तरी कोपरा गोल वळणाचा हवा. एम. जी. रोडवरून वायर आणलीत की आधी हॉलमध्येच फरशीवर पसरून दोन्ही टोकं जोडा, तासभर चित्र चालवा. ती धड चालतेय हे दिसलं की मगच जुन्या व्हीजीए वायरीच्या एका टोकाला नायलॉनची दोरी बांधा आणि दुसऱ्या टोकाने जुनी वायर ओढून काढा. दोरी पाइपात राहील. नवी वायर त्या दोरीने ओढताना प्लगला गाठ मारू नका, त्याच्या मागे वितभर वायरीला चिकटपट्टी गुंडाळून तिथे बांधा. फायबरला घट्ट दुमड चालत नाही, आणि भिंतीच्या आत दुमडलेली वायर पुन्हा बाहेर काढायची म्हणजे पीओपी फोडणं आलं.